मौनाची पाटी : एका वर्षावासाचं प्रकरण

दोन वर्षांपूर्वीच्या वर्षावासात, म्हणजे भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एकाच विहारात राहतात त्या काळात, श्रावणातल्या एका मंगळवारी सकाळी, आमच्या विहाराच्या गच्चीवरची टाकी पावणेदोन तास वाहत राहिली. पाणी जिन्यावरून उतरलं, खालच्या कोठीत शिरलं. तांदळाची दोन पोती भिजली आणि लोखंडी पेटीत ठेवलेलं, चीवरदानासाठी, म्हणजे भिक्खूंना वस्त्रं देण्यासाठी, जमवलेलं कापडही भिजलं. नुकसान हिशेबाच्या वहीत चार ओळींत मावलं. त्यातून पुढे जे झालं ते मात्र थेट आश्विन पौर्णिमेपर्यंत पुरलं, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी समाजकार्यातून निवृत्त झालेली बाई. सयाजीराव विद्यापीठात शिकताना प्रकरणं लिहायची सवय लागली, ती अजून सुटलेली नाही. आमचे एक सर सांगत, आधी घडलं ते लिहा, मत मागाहून. आणि लिहिणाऱ्याचा हात त्यात कुठं लागला असेल तर तेही लिहा. हा शेवटचा भाग या वेळी मला जड गेला. तो जिथं यायचा तिथं येईल.

नाव कुणाचंच देत नाही. विहार बडोद्यात, मकरपुऱ्याच्या बाजूला आहे, एवढं पुरे.

माणसं

बडोद्यातली मराठी माणसं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दांडिया बाजार, रावपुरा, गायकवाडांच्या काळातले वाडे येतात. आमच्या विहाराची घरं त्यातली नाहीत. आमची बहुतेक मंडळी खानदेश आणि विदर्भातून पोटापाण्यासाठी आलेली. कुणी प्रतापनगरला रेल्वेत, कुणी मकरपुऱ्याच्या कारखान्यांत. माझं स्वतःचं माहेर भुसावळचं. तिसरी पिढी आता गुजराती शाळांतून शिकते आणि घरी मराठी बोलताना मधूनच ‘ने’ लावते. रविवारी वंदनेला चाळीस-पन्नास माणसं जमतात, पौर्णिमेला त्याहून बरीच जास्त.

त्या वर्षी विहारात तीन भिक्खू आणि एक श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, होते. भिक्खूंना आम्ही आदरानं भन्ते म्हणतो. थोरल्या भन्तेंचे २२ वर्षावास झालेले. भिक्खूंमध्ये वयाला मान नाही. उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्खू-दीक्षा, झाल्यावर किती वर्षावास पूर्ण केले त्यावर थोरला-धाकटा ठरतो, आणि साठीचा माणूस तिशीतल्या भिक्खूला वाकून वंदन करताना दिसतो. मधले भन्ते ११ वर्षावासांचे, यवतमाळकडचे, पूर्वी शाळेत मास्तर होते. धाकटे भन्ते ६ वर्षावासांचे, त्यातले तीन म्यानमारच्या एका ध्यानकेंद्रात गेलेले. श्रामणेर अजवा रोडच्या घरातला, १७ वर्षांचा. २० वर्षं भरल्याशिवाय उपसंपदा मिळत नाही, त्यामुळे तो दहा शीलांवर होता आणि विहारातली वरची सगळी कामं त्याच्याकडे होती.

मधल्या आणि धाकट्या भन्तेंमध्ये टाकीच्या आधीही एक तिढा होता, आणि तो हलका नव्हता. वर्षावासात आमच्याकडे रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन होतं. त्याच्या प्रास्ताविकातच बाबासाहेबांनी प्रश्न टाकला आहे: बुद्धांनी भिक्खू कशासाठी निर्माण केला, परिपूर्ण माणूस घडवण्यासाठी की लोकांची सेवा करणारा, त्यांचा मित्र आणि मार्गदर्शक असा माणूस घडवण्यासाठी? मधल्या भन्तेंचं उत्तर ठरलेलं होतं. ते वस्त्यांवर जात, मुलांचे वर्ग घेत, कुणाचा दाखला अडला तर अर्जही लिहून देत. धाकटे भन्ते म्हणत, स्वतःच्या मनाची खबर नसलेला माणूस दुसऱ्याची काय सेवा करणार? दोघांचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच ते मिटत नव्हतं. श्रोतेही वाटले गेले होते: तरुण पोरं मधल्यांकडे, विपश्यना शिबिरं केलेले काका-काकू धाकट्यांकडे.

वाक्य

आमच्या भागात महापालिकेचं पाणी सकाळी येतं. ते खालच्या टाकीत साठवायचं आणि मोटर लावून वर चढवायचं. मोटरीचा नियम कधी कागदावर आला नव्हता. दिसेल त्यानं लावायची, लावेल त्यानं बंद करायची. त्या मंगळवारी मधल्या भन्तेंनी मोटर लावली होती हे सगळ्यांनी पाहिलं होतं. आठच्या सुमारास ते तरसालीला एका घरी परित्राण पाठासाठी, म्हणजे रक्षणाची सुत्तं म्हणायला, गेले. दहाला पाणी कोठीत सापडलं.

धाकटे भन्ते चीवर गुडघ्यापर्यंत खोचून पाणी उपसत होते. श्रामणेर पोती ओढत होता, आम्ही दोघी-तिघी भोजनदानाच्या स्वयंपाकात होतो. तेव्हा ते म्हणाले, “लोकांना सति शिकवायला निघाले, आणि मोटर बंद करायची सति नाही.”

वाक्य एवढंच. दुपारी भोजनापूर्वी ते मधल्या भन्तेंपर्यंत पोचलं होतं.

‘सति’ या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं. मराठी कानाला तो भलताच ऐकू येतो. बालवर्गात पहिल्यांदा सांगितला की मुली एकमेकींकडे बघतात. पाली ‘सति’ म्हणजे आपली स्मृती. आठवण राहणं, भान असणं. कायेचं, वेदनांचं, चित्ताचं, धम्माचं भान. आम्ही ‘सजगता’ म्हणतो, पण सजगता म्हटलं की पहारेकरी आठवतो. भान हा शब्द मला जवळचा वाटतो. भान राहिलं नाही असं आपण स्वतःबद्दल म्हणतो तेव्हा त्यात लाज असते. दुसऱ्याबद्दल म्हणतो तेव्हा तीच गोष्ट काठी होते. ज्या शब्दावर दोघांची साधना उभी होती त्याच शब्दाचा फटका बसला होता, म्हणून तो इतका लागला. “मोटर विसरलात” म्हटलं असतं तर कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

मधले भन्ते काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून ते धाकट्यांशी बोललेच नाहीत.

समितीचा उपाय

दोन भिक्खू एका छताखाली राहून बोलत नाहीत, हे घरच्यासारखं लपत नाही. वंदनेला एकाचा सूर लागला की दुसरा गप्प. जेवणाच्या पंगतीत मधे श्रामणेराला बसवलेलं. भोजनदानाच्या वहीतही फरक दिसायला लागला: मंगळवार-शुक्रवारी ठरावीक घरं, इतर दिवशी ठरावीक. कुणाला कुणाच्या बाजूचं म्हणतात ते आम्हा बायकांना वहीवरूनच कळायचं.

समितीची बैठक झाली. आम्ही पाच जण. भिक्खूंच्या भांडणात पडायचं कसं, हा संकोच होता. त्यातून एक युक्ती निघाली आणि ती सगळ्यांना फार आवडली. आमच्यातल्या तिघांनी इगतपुरीला दहा दिवसांची विपश्यना शिबिरं केलेली, तिथलं आर्य मौन अनुभवलेलं. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच विहारात सर्वांनी मौन पाळायचं. भांडणाचं नाव नको, साधनेचा कार्यक्रम म्हणून करायचं. कुणीतरी फ्रान्समधल्या प्लम व्हिलेजचे व्हिडिओ पाहिले होते. व्हिएतनामी भिक्खू थिच न्हाट हान यांनी १९८२ मध्ये उभी केलेली ती जागा. तिथं घंटा वाजली की सगळे हातातलं काम थांबवतात आणि तीन श्वास भानावर राहून घेतात. मग आपणही घंटा आणू या. पितळी घंटा आली, रंगाऱ्याकडून पाटी करून आणली: ‘आर्य मौन : सकाळी ८ ते सायंकाळी ५’. पाटी दारातच लावली.

त्याच प्लम व्हिलेजमध्ये ‘नव्यानं सुरुवात’ नावाची एक बैठकही असते. मध्ये फुलं ठेवून सगळे गोल बसतात. एक जण बोलतो, बाकीचे मध्ये बोलत नाहीत. आधी समोरच्यात काय चांगलं दिसलं ते सांगायचं, मग आपलं काय चुकलं ते, आणि त्यानंतर आपल्याला काय लागलं ते. आम्ही घंटा घेतली. बैठक घेतली नाही. हे मला खूप उशिरा सुचलं.

थोरल्या भन्तेंना पाटी दाखवली तेव्हा ते फक्त “बघू” म्हणाले.

पहिले आठ-दहा दिवस फारच बरं वाटलं. विहार शांत. घंटा वाजली की भाजी चिरणारी सुद्धा विळीवर हात थांबवायची. बाहेरून आलेला माणूस म्हणायचा, काय प्रसन्न वातावरण आहे! आणि दोन भन्ते एकमेकांशी बोलत नाहीत हे आता कुणाला खटकण्याचं कारणच उरलं नव्हतं. त्याला पाटीचं नाव मिळालं होतं.

मधे विश्वामित्री नदीला पूर आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको. रस्त्यांवर पाणी, पाण्यातून वस्तीत आलेल्या मगरी, दोन-दोन दिवस वीज नाही. तीनही भन्ते आणि श्रामणेर आमच्याबरोबर खिचडीची पातेली उचलत होते. मधल्यांनी पातेल्याचा एक कान धरला, धाकट्यांनी दुसरा, आणि गुडघाभर पाण्यातून ते चालत गेले. मी मनात म्हटलं, सुटलो. पूर ओसरला, गाळ उपसून झाला, आणि दुसऱ्या दिवशी आठ वाजता दोघं पुन्हा पाटीखाली आले.

२३ सप्टेंबर

बडोद्याच्या बौद्धांना ही तारीख सांगावी लागत नाही. १९१७ साली बाबासाहेब संस्थानच्या नोकरीसाठी इथं आले. जातीमुळे राहायला जागा मिळेना, पारशी वसतिगृहातूनही बाहेर काढलं गेलं, आणि कमाटीबागेत एका झाडाखाली बसून त्यांनी अस्पृश्यता मिटवण्याचा संकल्प केला तो हा दिवस. आजच्या सयाजीबागेत ती संकल्पभूमी आहे. दरवर्षी तिथं गर्दी होते, विहारांतून भन्ते येतात, त्रिशरण-पंचशील होतं.

आमच्या विहारातून दोन रिक्षा केल्या होत्या. पहिलीत थोरले भन्ते आणि श्रामणेर बसले. दुसऱ्या रिक्षाशी मधले भन्ते आले, आत धाकटे बसलेले पाहिले आणि काही न बोलता रस्त्यानं चालू लागले. मकरपुऱ्याहून सयाजीबागेपर्यंत, उन्हातून. निम्मी वस्ती बघत होती. ज्या जागी एका माणसाला कुणी शेजारी बसू देत नव्हतं तिथं जायला निघालेले दोन भिक्खू एका रिक्षात बसायला तयार नव्हते. हे त्या दिवशी कुणी बोललं नाही, पण एका म्हाताऱ्या काकांनी परत येऊन भोजनदानाच्या वहीतलं आपलं नाव खोडलं.

त्या रात्री थोरल्या भन्तेंनी समितीला बोलावलं. तिघे भिक्खू, श्रामणेर आणि आम्ही पाच. सुरुवातीला त्यांनी एवढंच सांगितलं, “पाटी उद्या काढा.” मग दोन गोष्टी सांगितल्या. मी त्या जशा ऐकल्या तशा लिहिते, कारण या प्रकरणाला वळण तिथं लागलं.

पहिली कोसंबीची. तिथं एक विनय, म्हणजे भिक्खूंचे नियम, जाणणारा भिक्खू होता आणि एक धम्म सांगणारा. दोघांचेही पुष्कळ शिष्य. धम्म सांगणारा शौचालयात गेला आणि वापरून उरलेलं पाणी भांड्यात तसंच ठेवून आला. विनयवाला म्हणाला, हा दोष आहे. तो म्हणाला, मला माहीत नव्हतं, असेल तर कबूल करतो. विनयवाला म्हणाला, जाणूनबुजून केलं नसेल तर दोष नाही. इथं खरं तर मिटलं होतं. पण विनयवाल्यानं आपल्या शिष्यांना सांगितलं, त्याला आपला दोष कळतही नाही. शिष्यांनी ते त्याच्या शिष्यांना सांगितलं. शिष्यांनी गुरूंना सांगितलं. संघ दुभंगला. स्वतः बुद्धांनी समजावलं तरी ऐकेनात, तेव्हा ते एकटे निघून गेले. शेवटी कोसंबीच्या उपासकांनी त्या भिक्खूंना वंदन करणं आणि भिक्षा घालणं बंद केलं, तेव्हा ते नरमले.

“तिथून निघालेले बुद्ध वाटेत तिघांना भेटले,” थोरले भन्ते म्हणाले. “अनुरुद्ध, नन्दिय आणि किम्बिल. दूध आणि पाणी मिसळावं तसे राहत होते. कसे राहता, असं विचारलं. तर त्यांनी काय सांगितलं? भिक्षेहून जो आधी येतो तो आसनं मांडतो, पाणी भरतो. जो शेवटी येतो तो आवरतो. पिण्याच्या पाण्याचं, धुण्याच्या पाण्याचं, शौचालयातलं भांडं ज्याला रिकामं दिसेल तो भरतो. जड असेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो. म्हणजे एका ठिकाणी त्या भांड्यातल्या पाण्यावरून संघ फुटला, आणि दुसरीकडे तेच भांडं न बोलता भरलं जात होतं.”

आमच्या एका सदस्यांनी लगेच म्हटलं, “म्हणजे मौनच की भन्ते.”

“थांबा. दुसरी गोष्ट ऐका.” कोसल देशात काही भिक्खूंनी वर्षावासात ठरवलं की बोलायचंच नाही, म्हणजे भांडण होणार नाही. त्यांचाही दिनक्रम शब्दशः तोच. आधी आलेला आसनं मांडतो, रिकामं भांडं दिसेल तो भरतो, हाताने खुणावतो. वर्षावास संपल्यावर ते अभिमानाने बुद्धांकडे गेले. बुद्धांनी त्यांना झापलं. हे तर गुराढोरांसारखं, मेंढरांसारखं राहणं झालं. मुक्याचं व्रत घेऊ नका. आणि त्याच प्रसंगी प्रवारणेचा नियम घालून दिला: वर्षावास संपताना प्रत्येकानं इतरांना विनंती करायची की माझं काही चुकलेलं पाहिलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल तर सांगा. दिट्ठेन वा सुतेन वा परिसङ्काय वा.

“दिनक्रम दोन्हीकडे एकच,” मधले भन्ते अचानक म्हणाले. “मग फरक कुठला?” बऱ्याच दिवसांनी ते सगळ्यांसमोर बोलले होते.

“अनुरुद्ध आणि ते दोघं दर पाचव्या रात्री एकत्र बसत. रात्रभर. धम्मावर बोलत.”

दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली. घंटा राहिली. ती वाईट नव्हती.

पाचवी रात्र

ठरलं ते साधं. दर पाचव्या दिवशी रात्री आठ ते दहा तिघे भिक्खू आणि श्रामणेर एकत्र बसणार. रात्रभर बसायची ताकद कुणात नव्हती. उपासक येऊ शकतात, पण विचारल्याशिवाय बोलणार नाहीत. हा नियम आमच्यासाठी होता, आणि तो योग्य होता.

पहिल्या बैठकीत विषय सहा सारणीय धम्मांचा, म्हणजे एकोप्यानं राहण्याच्या सहा गोष्टींचा: मैत्रीची कृती, मैत्रीची वाणी, मैत्रीचं मन, मिळालेलं वाटून घेणं, समान शील, समान दृष्टी. नीट चर्चा झाली आणि काहीही घडलं नाही. दुसरीलाही तेच. मला कंटाळा आला होता, हे नोंदवते.

तिसऱ्या रात्री थोरल्या भन्तेंनी डोंबाऱ्याची गोष्ट घेतली. एक डोंबारी बांबू उभा करतो आणि आपल्या मेदकथालिक नावाच्या शिष्याला खांद्यावर चढायला सांगतो. म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळीन, असा खेळ करून पैसे मिळवून सुखरूप खाली उतरू. शिष्य म्हणतो, नाही गुरुजी. तुम्ही स्वतःला सांभाळा, मी स्वतःला सांभाळतो, तरच उतरू. बुद्ध म्हणाले, शिष्याचं बरोबर. सतीचा अभ्यास स्वतःपासून. मात्र पुढे हेही म्हणाले की स्वतःला सांभाळणारा दुसऱ्याला सांभाळतो, आणि दुसऱ्याला सांभाळणारा स्वतःला. क्षमेनं, अहिंसेनं, मैत्रीनं, करुणेनं.

धाकट्या भन्तेंनी पहिल्या अर्ध्यावर भर दिला, मधल्यांनी दुसऱ्या. म्हणजे पुन्हा तोच जुना वाद. थोरले भन्ते श्रामणेराकडे वळले. “या गोष्टीत शिष्य गुरूला चुकीचं दाखवतो. तुला काय वाटतं?”

पोरगं घाबरलं. बराच वेळ चटईकडे बघत राहिलं. मग म्हणालं, “भन्ते, मोटर मी लावली’ती.”

कुणालाच कळेना. मग त्यानं तुटक तुटक सांगितलं, निम्मं गुजरातीत. त्या मंगळवारी मधल्या भन्तेंनी तरसालीला जायच्या आधी मोटर बंद केली होती. त्यानं चीवरं धुवायला घेतली, वरचं पाणी कमी वाटलं, म्हणून पुन्हा लावली आणि विसरला. “भूल थई गई, भन्ते.” सांगायचं होतं. त्याच दुपारी सांगणार होता, पण सगळे चिडलेले होते. मग पाटी लागली. आठ ते पाच बोलायचं नाही, पाचनंतर वंदना आणि वाचन. दीड महिना तो ते घेऊन फिरला.

विनयामध्ये वाद मिटवण्याचे सात मार्ग सांगितले आहेत. पहिलाच आहे सम्मुखविनय: ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोर हवा. त्या मंगळवारी मधले भन्ते तरसालीत होते. दुसऱ्याला दोष दाखवण्यापूर्वी पाच गोष्टी तपासाव्यात असंही सांगितलं आहे: वेळ योग्य आहे का, बोलतो ते खरं आहे का, मृदू आहे का, हिताचं आहे का, मनात मैत्री आहे का. धाकट्या भन्तेंनी त्याच रात्री, आमच्यासमोर, ही पाचही मोजली. बोटावर. वेळ नव्हती. मृदू नव्हतं. हित नव्हतं. मैत्री, त्या क्षणी नव्हती. “आणि खरं आहे याची मला खात्री होती,” ते म्हणाले, “तेही नव्हतं.”

मधले भन्ते गप्प होते. मग श्रामणेराला म्हणाले, “उद्यापासून मोटर तू आणि मी दोघं बघू.”

हे क्षमा करणं नव्हतं. धाकट्यांकडे त्यांनी तेव्हाही पाहिलं नाही. खोटं कशाला सांगू.

माझा हात

वाक्य दुपारपर्यंत मधल्या भन्तेंपर्यंत पोचलं, असं मी वर लिहिलं आहे. पोचवलं मी.

ते तरसालीहून आले, मी पाण्याचा पेला दिला आणि म्हटलं, “भन्ते, धाकटे भन्ते रागाच्या भरात असं असं म्हणाले, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” आयुष्यभर लोकांच्या घरातली भांडणं सोडवलेली बाई मी. मनाला लावून घेऊ नका असं म्हणून आपण जे सांगतो ते लागणारंच असतं, हे मला कळायला हवं होतं. कळत होतंही. तरी सांगितलं. कोसंबीच्या गोष्टीत शिष्यांनी शिष्यांना सांगितलं, हे थोरले भन्ते म्हणाले तेव्हा माझे कान तापले होते.

भिक्खूंच्या २२७ नियमांत पाचित्तिय, म्हणजे कबुली देऊन सुटणारे दोष, यांमधला दुसरा नियम टोचून बोलण्याबद्दल आहे आणि तिसरा चहाडीबद्दल, इकडचं तिकडे करून फूट पाडण्याबद्दल. दुसऱ्या नियमासाठी धाकट्या भन्तेंनी नंतर थोरल्यांपुढे देसना केली, म्हणजे दोष कबूल केला. तिसरा ज्याला लागू व्हायचा ती मी, आणि आम्हा उपासकांना पाचित्तिय नाही. पंचशीलातलं चौथं शील आहे, पण ते आम्ही ‘खोटं बोलू नये’ एवढ्यावर आवरतं घेतो. मी तर खरंच बोलले होते!

प्रवारणा

संघाची प्रवारणा व्हायला पाच भिक्खू लागतात. आमच्याकडे तिघे, म्हणून त्यांनी एकमेकांपुढे करायची. वर्षावासात दर पंधरवड्याला उपोसथाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या, दिवशीही ते तिघे एकमेकांना आपली परिशुद्धी सांगत, प्रत्येक जण तीनदा, मी शुद्ध आहे असं समजा. भांडणाच्या काळातही ते चुकलं नव्हतं. हे थोरल्या भन्तेंना सर्वांत जास्त लागलं असावं. एकदाच म्हणाले, “शब्द बरोबर होते, ताई.”

प्रवारणेच्या वेळी आम्ही तिथं नव्हतो, असायचंही नसतं. म्हणून आत काय बोलणं झालं ते मला सांगता येणार नाही. दार बंद झालं तेव्हा चांदणं नुकतं गच्चीवर आलं होतं, आणि उघडलं तेव्हा खीर निवून साय धरली होती. आम्ही ती श्रामणेराच्या घरच्यांना आणि लहान मुलांना वाटून टाकली, भन्तेंना रात्री चालत नाही. थोरले भन्ते पुढे आले. मागून दोघं एकत्र आले. गळ्यात गळे नव्हते. मधल्यांनी धाकट्यांना विचारलं, “उद्या भोजनाला कोण आहे?” धाकट्यांनी वहीत बघून सांगितलं. साध्या प्रश्नाला साधं उत्तर, दोन महिन्यांनी.

सात मार्गांतला शेवटचा आहे तिणवत्थारक, म्हणजे गवतानं झाकणं. दोन्ही बाजूंनी इतकं काही झालेलं असतं की एकेक उकरत बसलं तर वाद वाढेल, तेव्हा सगळ्यावर एकदम गवत टाकायचं. गंभीर दोष आणि गृहस्थांशी निगडित दोष त्याच्याखाली येत नाहीत. आम्हा घरांमध्ये जे झालं त्यासाठी थोरल्या भन्तेंनी तसंच काहीसं करायला सांगितलं. वही नवी केली, जुनी वही कोठीत गेली. काकांनी नाव पुन्हा घातलं. मंगळवार-शुक्रवारची घरं मात्र अजून मंगळवार-शुक्रवारीच येतात. सवय असेल, किंवा नसेल.

मोटरीला आता पाणी भरलं की आपोआप बंद होणारी कळ बसवली आहे. हा ठराव खरं म्हणजे पहिल्याच बैठकीत व्हायला हवा होता, पण तेव्हा आम्ही घंटेच्या आकारावर बोलत होतो.

त्यानंतर

चीवरदानानंतर मधले भन्ते यवतमाळकडे गेले. रागावून नव्हे, तिकडच्या विहारात मुलांसाठी वर्ग सुरू करायचे होते. पाचव्या रात्रीची बैठक आता धाकटे भन्ते चालवतात, आणि गंमत म्हणजे अर्धा वेळ वस्त्यांवरच्या कामाचंच बोलतात. श्रामणेर बारावीला बसला आहे.

मधल्या भन्तेंना पोचवायला मी स्टेशनवर गेले. संध्याकाळची गाडी, म्हणजे डबा देता येत नाही. गाळलेल्या लिंबूपाण्याची बाटली दिली. फलाटावर गर्दी होती. गाडी लागली तेव्हा मी सांगितलं. त्या मंगळवारी तुम्हाला ते सांगणं चुकलं माझं.

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ताई, सांगणारं कुणीतरी असतंच. दोन महिने ते वाक्य घोळवत कोण बसलं होतं?”

मी काही म्हणाले नाही.

“ते कापड वाळलं का?” त्यांनी विचारलं.

“वाळलं. पण पेटीच्या गंजाचा डाग गेला नाही. दोनदा रंगवलं तरी दिसतो. धाकट्या भन्तेंनी त्याचंच चीवर करून घेतलं.”

“अरे!” ते खिडकीतून म्हणाले. “ते मी मागणार होतो.” आणि गाडी हलली.